दोस्तराष्ट्रांच्या बैठकीत पोलंड

२८ नोव्हेंबर १९४३ची रात्र. तेहरानमध्ये तीन बड्यांच्या परिषदेचा पहिला दिवस संपत आला होता. जेवणं आटोपली होती. रूझवेल्टना बरं वाटत नव्हतं म्हणून ते लवकर झोपायला गेले. मागे चर्चिल आणि स्टॅलिन बोलत बसले आणि बोलता बोलता पोलंडच्या सीमेचा विषय निघाला. चर्चिलनी काड्यापेटीतल्या तीन काड्या घेतल्या, टेबलावर मांडल्या आणि त्या पश्चिमेकडे सरकवून दाखवल्या. रशिया थोडा पुढे येईल, त्याच्या रेट्याने पोलंड पुढे सरकेल आणि पोलंडचं जे पूर्वेला जाईल त्याची भरपाई जर्मनीच्या जमिनीतून होईल. स्टॅलिनना ही मांडणी पसंत पडली.

युद्धापूर्वी साडेतीन कोटी लोकवस्ती असलेल्या एका देशाचा नकाशा असा बदलला. त्या टेबलाभोवती एकही पोलिश माणूस नव्हता. तीन दिवसांनी, १ डिसेंबरला, रूझवेल्ट स्टॅलिनना खासगीत भेटले. सीमा पश्चिमेकडे सरकवायला आपली हरकत नाही, पण हे उघडपणे बोलता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. अमेरिकेत पोलिश वंशाचे साठ-सत्तर लाख लोक आहेत, १९४४मध्ये निवडणूक आहे आणि ती मतं गमावणं परवडणारं नाही. स्टॅलिन म्हणाले, आता कारण समजलं.

दुसऱ्या महायुद्धातल्या दोस्तराष्ट्रांचं पुढे कुठे आणि का बिनसलं हे सांगताना बहुतेक जण हिरोशिमापासून किंवा चर्चिलच्या फुल्टनमधल्या भाषणापासून सुरुवात करतात. मला वाटतं, कहाणी त्याआधीची आहे आणि तिच्या मध्यभागी पोलंड आहे. ब्रिटन ३ सप्टेंबर १९३९ला युद्धात उतरलं ते पोलंडला दिलेल्या शब्दाखातर. त्याच पोलंडच्या बाबतीत तिघा बड्यांनी एकमेकांना अर्धवट सांगितलं, पोलंडला त्याहूनही कमी सांगितलं. मग युद्ध संपताच प्रत्येकाने दुसऱ्यावर शब्द फिरवल्याचा आरोप केला. त्या आरोपांत तथ्य होतं, पण त्यांची किंमत आरोप करणाऱ्यांना मोजावी लागली नाही.

पोलंडवर १ सप्टेंबर १९३९ला पश्चिमेकडून हिटलर चालून आला आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून स्टॅलिनचं सैन्य घुसलं. ऑगस्टमध्ये दोघांनी केलेल्या करारात ही वाटणी गुप्तपणे ठरली होती. पूर्वेकडच्या भागात धरपकड सुरू झाली. १० फेब्रुवारी १९४०च्या कडाक्याच्या थंडीत पहिली मोठी हद्दपारी झाली. सैनिकांनी रात्री दार ठोठावायचं, घरच्यांना थोडक्या वेळात सामान बांधायला लावायचं आणि गुरांच्या डब्यांतून सैबेरियाकडे किंवा कझाकस्तानकडे रवाना करायचं. पुढच्या दीड वर्षात अशा आणखी तीन लाटा आल्या. लाखो माणसं गेली, त्यांत बायका-मुलं मोठ्या संख्येने होती.

२२ जून १९४१ला हिटलरने रशियावरच हल्ला केला आणि कालचा शत्रू एका दिवसात दोस्त झाला. ३० जुलैला लंडनमध्ये पोलंडच्या निर्वासित सरकारचे पंतप्रधान जनरल सिकोर्स्की आणि सोव्हिएत राजदूत मायस्की यांनी करारावर सह्या केल्या. हद्दपार झालेल्यांना सोडायचं आणि त्यांच्यातून जनरल आन्डर्स यांनी सैन्य उभं करायचं असं ठरलं. छावण्यांतून सुटलेले हडकुळे लोक भरतीला येऊ लागले, पण हजारो अधिकाऱ्यांचा पत्ताच लागेना. ३ डिसेंबर १९४१ला सिकोर्स्की आणि आन्डर्स यांनी क्रेमलिनमध्ये स्टॅलिनना समोरासमोर विचारलं, आमचे अधिकारी कुठे आहेत? पळून गेले असतील, स्टॅलिन म्हणाले. कुठे? मांचुरियाला.

ते अधिकारी दीड वर्षापूर्वीच मारले गेले होते. ५ मार्च १९४०च्या पोलिटब्युरोच्या निर्णयानुसार सुमारे २२ हजार पोलिश अधिकारी, पोलीस, वकील, डॉक्टर, शिक्षक अशांना गोळ्या घालण्यात आल्या होत्या आणि निर्णयाच्या कागदावर स्टॅलिनची सही होती. १३ एप्रिल १९४३ला जर्मन रेडिओने कातिनच्या जंगलात सापडलेल्या प्रेतांची बातमी दिली. लंडनच्या पोलिश सरकारने आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसकडून चौकशी मागितली, तेव्हा मॉस्कोने हे सरकार हिटलरला सामील आहे असं म्हणून २५ एप्रिलला त्याच्याशी संबंधच तोडले. पोलिश सरकारकडे नेमलेले ब्रिटिश राजदूत ओवेन ओमॅली यांनी महिन्याभरात गोपनीय अहवाल लिहिला आणि सगळे पुरावे रशियाकडे बोट दाखवतात असं स्पष्ट म्हटलं. चर्चिलनी तो वाचला, ऑगस्टमध्ये रूझवेल्टकडे पाठवला आणि मग तो कपाटात बंद झाला. युद्ध जिंकायला लाल सेना हवी होती, हे खरंच आहे. त्या वर्षी जर्मन सैन्याचा कणा पूर्वेच्या आघाडीवर मोडत होता आणि त्यासाठी रशियन माणूस जितका मरत होता तितका पश्चिमेकडचा कुणी मरत नव्हता. पण एवढ्या मोठ्या पातकावर एकदा डोळेझाक केली की त्याच माणसाकडून पुढे निष्पक्ष निवडणुकीची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

वॉर्सामध्ये १ ऑगस्ट १९४४ला भूमिगत सेनेने उठाव केला. लाल सेना विस्तुला नदीच्या जवळ पोहोचली होती, रेडिओ मॉस्को दोन दिवस आधीपर्यंत वॉर्साला उठण्याची हाक देत होता. उठाव ६३ दिवस चालला. दीड ते दोन लाख नागरिक मेले आणि उरलेल्या शहराची जर्मनांनी एकेक इमारत सुरुंग लावून पाडली. या काळात लाल सेना पुढे का सरकली नाही, यावर इतिहासकार आजही भांडतात. ऑगस्टच्या सुरुवातीला शहराच्या ईशान्येला जर्मन चिलखती तुकड्यांनी तिला खरोखरच मोठा फटका दिला होता, तेव्हा थांबण्याला लष्करी कारण होतं. दुसऱ्या गोष्टीला मात्र कोणतंही लष्करी कारण नव्हतं. वॉर्सावर शस्त्रं आणि अन्न टाकणारी विमानं सोव्हिएत तळांवर उतरू द्या, अशी विनंती ब्रिटन-अमेरिकेने केली आणि ती फेटाळण्यात आली. परवानगी मिळाली ती सप्टेंबरच्या मध्यावर. १८ सप्टेंबरला शंभरावर अमेरिकन विमानांनी पेट्या टाकल्या, तोवर बंडखोरांच्या हातात इतकी थोडी जागा उरली होती की बहुतेक पेट्या जर्मनांना मिळाल्या. मॉस्कोतले अमेरिकन राजदूत हॅरिमन यांचं रशियाबद्दलचं मत या ऑगस्टमध्ये फिरलं. तोपर्यंत ते सहकार्याचे खंदे पुरस्कर्ते होते.

तरीही हॅरिमन दोन महिन्यांनी गप्प बसले, आणि तेही एका पोलिश माणसासमोर. ऑक्टोबर १९४४मध्ये चर्चिल मॉस्कोला आले. पहिल्याच रात्री त्यांनी स्टॅलिनसमोर कागद सरकवला. रुमानियात तुमचं वजन ९० टक्के, ग्रीसमध्ये आमचं ९० टक्के, अशी ती यादी होती. पोलंडचं नाव तिच्यात नव्हतं, कारण पोलंडबद्दल बोलायला लंडनच्या पोलिश सरकारचे पंतप्रधान स्तानिस्लाव मिकोवायचिक यांनाच बोलावून घेतलं होतं. सिकोर्स्की जुलै १९४३मध्ये जिब्राल्टरजवळ विमान अपघातात गेले, तेव्हापासून धुरा मिकोवायचिक यांच्याकडे होती. ते शेतकरी पक्षाचे नेते, रशियाशी तडजोड केली पाहिजे असं मानणारे. जूनमध्ये ते वॉशिंग्टनला जाऊन आले होते आणि ल्वुव्ह शहर पोलंडला मिळवून देण्यासाठी रूझवेल्ट प्रयत्न करतील अशी आशा घेऊन परतले होते.

१३ ऑक्टोबरच्या बैठकीत त्यांनी सीमेवर वाटाघाटी करायचा आग्रह धरला. तेव्हा सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह मध्येच म्हणाले, हे सगळं तेहरानमध्ये ठरलेलं आहे. कर्झन रेषा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनीही मान्य केली आहे. माझी आठवण चुकत असेल तर इथे बसलेल्यांनी सांगावं. मिकोवायचिकनी चर्चिलकडे पाहिलं, हॅरिमनकडे पाहिलं. दोघांपैकी कुणीही मोलोटोव्हना खोडून काढलं नाही.

या कर्झन रेषेतला कर्झन म्हणजे बंगालच्या फाळणीमुळे आपल्या परिचयाचा व्हाइसरॉय. १९२०मध्ये तो ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री होता आणि रशिया-पोलंड युद्ध थांबवायला त्याच्या खात्याने ही रेषा सुचवली होती. तिच्या पूर्वेला विल्नो आणि ल्वुव्ह ही पोलिश विद्येची आणि संस्कृतीची दोन मोठी शहरं पडत होती. तिथल्या खेड्यांत युक्रेनियन, बेलारूशी, ज्यू लोकही मोठ्या संख्येने राहत, त्यामुळे पोलंडचा दावा सर्वस्वी निर्विवाद होता असं म्हणता येणार नाही. पण आपण ज्या सरकारचे दोस्त म्हणवतो त्याच्यापासून अकरा महिने हे लपवून ठेवायचं, त्याच्या सैनिकांना इटलीतल्या मोंते कासिनोच्या डोंगरावर चढवायचं आणि मग शत्रूने नव्हे, मोलोटोव्हने ते त्याला सांगायचं, याला मुत्सद्देगिरी म्हणायला माझं मन घेत नाही. दुसऱ्या दिवशी चर्चिल मिकोवायचिकवर अक्षरशः ओरडले. तुम्ही निर्णय घेऊ शकत नसाल तर तुम्ही सरकारच नाही, युरोपची वाट लावायला निघाला आहात, असं त्यांनी सुनावलं. मिकोवायचिक आपल्या मंत्रिमंडळाला तडजोडीसाठी राजी करू शकले नाहीत आणि २४ नोव्हेंबरला त्यांनी राजीनामा दिला. इकडे लुब्लिनमध्ये मॉस्कोने उभी केलेली कम्युनिस्टांची समिती नववर्षाच्या तोंडावर स्वतःला हंगामी सरकार म्हणवू लागली आणि जानेवारीत स्टॅलिनने तिला मान्यताही देऊन टाकली.

याल्टाची परिषद ४ ते ११ फेब्रुवारी १९४५ या दिवसांत झाली. लिव्हाडियातल्या झारच्या जुन्या राजवाड्यात पोलंडचा विषय जवळजवळ प्रत्येक बैठकीत निघाला. ६ तारखेला चर्चिल म्हणाले की ब्रिटनसाठी पोलंड हा प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. स्टॅलिन उठून उभे राहिले आणि बोलले. आमच्यासाठी प्रतिष्ठेचा आहेच, पण त्याहून जास्त तो सुरक्षिततेचा आहे. तीस वर्षांत दोनदा जर्मन याच वाटेने आमच्यावर आले. हे म्हणणं खोटं नव्हतं. या युद्धात सोव्हिएत युनियनचे सुमारे २ कोटी ७० लाख लोक मेले, नुसत्या पोलंडच्या भूमीवर लाल सेनेचे सुमारे ६ लाख जवान पडले. ज्या देशाने एवढं सोसलं तो आपल्या दारातली वाट परक्याच्या हाती सोडणार नाही, हे कुणालाही कळावं.

दुसऱ्या दिवशी रूझवेल्टनी सुचवलं, लुब्लिनच्या दोघा नेत्यांना आणि पोलंडमधल्या इतर नेत्यांना इथेच बोलावून घेऊ आणि सगळ्यांच्या समोर सरकार ठरवू. स्टॅलिननी उत्तर दिलं की आपण लुब्लिनकरांना फोन लावायचा प्रयत्न केला, पण ते क्राकुव्हला किंवा लुजला गेले आहेत, सापडत नाहीत. बाकीच्या नेत्यांचे पत्ते आपल्याकडे नाहीत, आता वेळही उरलेला नाही. एवढ्यावर ती सूचना मागे पडली. पोलिश माणसांना खोलीत आणण्याची ती शेवटची संधी होती.

अखेरच्या मसुद्यात लुब्लिनचं सरकार अधिक व्यापक पायावर पुनर्रचित करायचं आणि लवकरात लवकर मुक्त निवडणुका घ्यायच्या असं लिहिलं गेलं. पुनर्रचना म्हणजे किती, मुक्तपणावर देखरेख कुणाची, यावर शब्दही नाही. निवडणूक कधी होईल असं विचारल्यावर स्टॅलिन म्हणाले, महिन्याभरात. ती सीझरच्या पत्नीसारखी निष्कलंक असावी, अशी अपेक्षा रूझवेल्टनी व्यक्त केली. स्टॅलिन म्हणाले, लोक तसं म्हणत, पण तिच्या हातूनही काही पापं झालीच होती. रूझवेल्टचे लष्करी सल्लागार अॅडमिरल लीही यांनी मसुदा वाचून सांगितलं, हा इतका सैल आहे की न मोडताही रशियन तो हवा तसा ताणतील. रूझवेल्टना ते ठाऊक होतं. याहून जास्त मला पोलंडसाठी करता येत नाही, असं ते म्हणाले. त्यांना जपानविरुद्ध रशियाची मदत हवी होती, संयुक्त राष्ट्रसंघ हवा होता, आणि लाल सेना पोलंडमध्ये उभी होती. त्यांचं आयुष्यही दोनच महिने उरलं होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी ब्रिटिश संसदेत याल्टावर चर्चा झाली. चर्चिलनी रशियाच्या शब्दावर आपला पूर्ण भरवसा असल्याची ग्वाही दिली. पोलंडच्या बाजूने आलेल्या दुरुस्तीला २५ मतं पडली, विरोधात ३९६. तिकडे इटलीत आन्डर्स यांनी आपली तुकडी आघाडीवरून मागे घ्यावी अशी मागणी केली, कारण ज्या गावांसाठी आपले सैनिक लढतात ती गावंच देऊन टाकली गेली आहेत. त्यांची समजूत घालण्यात आली आणि ते थांबले. ९ एप्रिल १९४५ला सेनिओ नदी ओलांडायच्या लढाईत आठव्या ब्रिटिश सेनेबरोबर पोलिश कोअर होती आणि ८वी भारतीय डिव्हिजनही होती. त्याच दिवशी, त्याच नदीवर तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांनी मराठा लाइट इन्फंट्रीकडून लढताना व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. बोलोन्या शहरात २१ एप्रिलला पहिले शिरले ते पोलिश सैनिक.

विश्वास पुरता उडाला तो मात्र मार्चमधल्या एका आमंत्रणाने. पोलंडमधल्या भूमिगत चळवळीच्या नेत्यांना सोव्हिएत अधिकाऱ्यांनी वॉर्साजवळ प्रुश्कुव्ह या गावी बोलणी करायला बोलावलं. तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही, तुम्हाला सल्लामसलतीसाठी लंडनला जायला विमानही देऊ, असं आश्वासन दिलं. त्यांत भूमिगत सेनेचे शेवटचे सेनापती जनरल ओकुलित्स्की होते, लंडन सरकारचे प्रतिनिधी यांकोव्स्की होते. असे १६ जण २७ आणि २८ मार्चला गेले. विमान मिळालं, पण ते मॉस्कोला उतरलं आणि सगळे ल्युब्यांका तुरुंगात पोहोचले. महिनाभर लंडन आणि वॉशिंग्टन विचारत राहिले आणि मॉस्को मूग गिळून बसलं.

एप्रिलच्या त्याच दिवसांत स्टॅलिनचाही संशय टोकाला गेला होता. स्वित्झर्लंडमध्ये जर्मन एसएसचा एक जनरल अमेरिकन हेरखात्याशी इटलीतल्या शरणागतीबद्दल बोलत होता आणि रशियनांना त्या बोलण्यात बसू दिलं नव्हतं. तुम्ही आमच्या पाठीमागे जर्मनांशी तह करता आहात, असं स्टॅलिननी रूझवेल्टना लिहिलं. रूझवेल्टनी चिडून ते फेटाळलं. १२ एप्रिलला ते वारले.

नवे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन परराष्ट्र व्यवहारात कोरे होते. २३ एप्रिलला मोलोटोव्ह व्हाइट हाउसमध्ये आले. त्याआधी सल्लागारांची बैठक झाली. युद्धमंत्री स्टिमसन आणि जनरल मार्शल यांनी सबुरीचा सल्ला दिला, इतरांनी कडक बोलण्याचा. ट्रूमननी कडक बोलणं निवडलं. पोलंडबद्दल जे ठरलं ते पाळा, याखेरीज आम्हाला काही नको, असं त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं. दुसऱ्याच दिवशी स्टॅलिनचं पत्र निघालं. बेल्जियमचं सरकार कसं बनलं, ग्रीसचं कसं बनलं, हे मी तुम्हाला विचारलं का? त्या देशांचं ब्रिटनच्या सुरक्षिततेत जे स्थान, तेच पोलंडचं आमच्या. डिसेंबरमध्ये अथेन्सच्या रस्त्यांवर ब्रिटिश सैन्य ग्रीक डाव्यांवर गोळ्या झाडत होतं तेव्हा स्टॅलिन खरोखरच काही बोलले नव्हते. आपण सौदा पाळला, समोरच्याने मोडला, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असावी. पण प्रभावक्षेत्र असणं एक, आणि बोलणी करायला बोलावलेल्या माणसांना उचलून नेणं वेगळं. या पत्रात सोळा जणांचा उल्लेखही नाही.

२५ एप्रिलला सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांची परिषद सुरू झाली. युद्ध ज्याच्यापासून सुरू झालं तो पोलंड तिथे नव्हता, कारण कोणतं सरकार खरं यावर यजमानांचं एकमत नव्हतं. पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांनी त्या काळात तिथे दिलेल्या मैफलीत पोलंडचा झेंडा दिसत नाही म्हणून श्रोत्यांना सुनावलं आणि पोलंडचं राष्ट्रगीत वाजवलं. सभागृह उभं राहिलं. मेच्या सुरुवातीला मोलोटोव्हनी ब्रिटिश परराष्ट्रमंत्री ईडन आणि अमेरिकन परराष्ट्रमंत्री स्टेटिनियस यांना सांगून टाकलं की ते सोळा जण आमच्या अटकेत आहेत. दोघांनी पोलंडवरची चर्चा तिथेच थांबवली.

पुढचे दोन महिने वेगाने गेले. जर्मनी शरण आल्यावर लगेच ट्रूमननी रशियाची उधार-मदत तोडली, समुद्रातली जहाजंसुद्धा परत फिरवली, मग चूक लक्षात आल्यावर हुकूम बदलला. पण स्टॅलिनच्या मनात ते राहिलं. चर्चिलनी आपल्या सेनाधिकाऱ्यांकडून १ जुलैला रशियावर हल्ला करता येईल का याचा गुप्त आराखडा करून घेतला. त्यात जर्मन सैनिकांना पुन्हा शस्त्रं द्यायची होती, आणि उद्दिष्ट म्हणून पोलंडला न्याय मिळवून देणं असं लिहिलं होतं. सेनाधिकाऱ्यांनी तो अशक्य ठरवला. हा आराखडा तयार झाला तेव्हा युरोपातल्या युद्धाला पूर्णविराम मिळून जेमतेम दोन आठवडे झाले होते.

आजारी हॅरी हॉपकिन्सना ट्रूमननी मॉस्कोला धाडलं आणि तोडगा निघाला. लुब्लिनच्या सरकारात मिकोवायचिक आणि आणखी काही जण घ्यायचे. बोलणी जूनमध्ये मॉस्कोतच झाली. त्याच दिवसांत, त्याच शहरात, १८ ते २१ जूनला सोळा जणांवर खटला चालला. एकीकडे मिकोवायचिक उपपंतप्रधानपद स्वीकारत होते आणि दुसरीकडे त्यांच्याच सरकारने नेमलेली माणसं आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती. ओकुलित्स्कींना दहा वर्षांची शिक्षा झाली. दीड वर्षाने ते मॉस्कोच्या तुरुंगात मेले. यांकोव्स्कीही परत आले नाहीत.

५ जुलै १९४५ला ब्रिटन आणि अमेरिकेने वॉर्सातल्या नव्या सरकारला मान्यता दिली. लंडनच्या सरकारची मान्यता त्याच क्षणी गेली. त्याचा परिणाम कोल्हापूरजवळ वळिवड्यापर्यंत पोहोचला. सैबेरियातून सुटलेल्या आणि आन्डर्सच्या सैन्याबरोबर १९४२मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून इराणला आलेल्या लोकांपैकी सुमारे ५ हजार जण १९४३पासून तिथल्या छावणीत राहत होते. बहुतेक बायका आणि मुलं. पुरुष इटलीत लढत होते किंवा सैबेरियात पुरले गेले होते. छावणीत शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, बालवीर पथकं होती, नाटकं होत. कोल्हापूरचे दुकानदार त्यांच्याशी व्यवहार करत, मुलं मराठी शब्द शिकत. छावणीचा खर्च लंडनचं पोलिश सरकार करत होतं आणि आता ते सरकारच उरलं नव्हतं. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्थेने भार उचलला. वॉर्साकडून घरी परत या अशी हाक येऊ लागली. पण कोणत्या घरी? यांतल्या बहुतेकांची गावं कर्झन रेषेच्या पलीकडे होती, ती आता सोव्हिएत युनियनमध्ये होती. ज्यांनी त्यांना एकदा रात्री उचलून नेलं, त्यांच्याच ताब्यात परत जायचं होतं. फार थोडे गेले.

पॉट्सडॅमच्या परिषदेत जुलैअखेरीस नव्या सीमांवर एकमत झालं, पण तेही अर्धंच. पूर्वेला सुमारे १ लाख ८० हजार चौरस किलोमीटर गेले, पश्चिमेला ओडर-नायसे नद्यांपर्यंतचे सुमारे १ लाख मिळाले, आणि अंतिम शिक्कामोर्तब पुढच्या शांतता परिषदेवर सोडलं. ती शांतता परिषद कधी झालीच नाही. या सैल टोकाचा स्टॅलिनला फार उपयोग झाला. सप्टेंबर १९४६मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री बर्न्स यांनी जर्मन जनतेची मनं वळवायला श्टुटगार्टमध्ये सांगितलं की पोलंडची पश्चिम सीमा अजून पक्की नाही. पोलंडमध्ये कम्युनिस्टांना न मानणाऱ्यांनाही त्यामुळे धडकी भरली. आपल्या जमिनीची हमी देणारं एकटं मॉस्कोच आहे, असं म्हणायला वॉर्साच्या सरकारला आयतं निमित्त मिळालं.

त्या वर्षी ८ जूनला लंडनमध्ये विजयाची मिरवणूक निघाली. ब्रिटनवरच्या हवाई लढाईत १४५ पोलिश वैमानिक लढले होते. मिरवणुकीत चालायला रॉयल एअर फोर्समधल्या २५ पोलिश वैमानिकांना आमंत्रण होतं, आन्डर्सच्या सैनिकांना नव्हतं. स्टॅलिनला दुखवायचं नव्हतं. आपल्या बाकीच्या भावांना वगळल्यावर आम्ही येणार नाही, असं वैमानिकांनी कळवलं आणि ते गेले नाहीत.

याल्टात महिन्याभरात होईल म्हणून सांगितलेली निवडणूक १९ जानेवारी १९४७ला झाली. मिकोवायचिकच्या पक्षाचे हजारो कार्यकर्ते तुरुंगात होते, अनेक मतदारसंघांत उमेदवारच बाद केले गेले होते. सरकारी गटाला सुमारे ८० टक्के मतं जाहीर झाली, मिकोवायचिकना सुमारे १०. अमेरिकेने निषेधाचा खलिता पाठवला, तो दप्तरी दाखल झाला. अमेरिकन राजदूत आर्थर ब्लिस लेन यांनी राजीनामा दिला. उन्हाळ्यात मार्शल मदतीची बोलणी पॅरिसमध्ये सुरू झाली. पोलंडला त्या पैशांची गरज होती आणि जाण्याची तयारीही होती, पण मॉस्कोहून नकार द्या असा निरोप आला आणि जुलैत पोलंडने नकार दिला. ऑक्टोबरमध्ये आपल्याला अटक होणार हे कळल्यावर मिकोवायचिक अमेरिकन वकिलातीच्या मदतीने लपतछपत ग्डिनिया बंदरात पोहोचले आणि एका ब्रिटिश जहाजातून निसटले. तडजोड शक्य आहे असं म्हणणारा शेवटचा मोठा पोलिश नेता गेला, आणि त्याच्याबरोबर दोस्तराष्ट्रांमध्ये पोलंडवर बोलण्यासारखं काही उरलं नाही.

मार्च १९४७मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून आन्डर्सच्या सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबांना ब्रिटनमध्ये स्थायिक होण्याची सोय केली होती. हे त्या देशाने केलेलं चांगलं काम, आणि त्याची नोंद घ्यायलाच हवी. वळिवड्याच्या बहुतेक बायका-मुलं १९४७-४८मध्ये तिकडे गेली, काही ऑस्ट्रेलियाला आणि इतरत्र. रिकाम्या झालेल्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित राहायला आले आणि त्या वस्तीचं गांधीनगर झालं.

लंडनमधलं पोलंडचं सरकार कुणाची मान्यता नसतानाही चालूच राहिलं. मिकोवायचिक अमेरिकेत वारले, आन्डर्स लंडनमध्ये वारले आणि इच्छेप्रमाणे त्यांना मोंते कासिनोत आपल्या जवानांजवळ पुरण्यात आलं. २२ डिसेंबर १९९०ला या निर्वासित सरकारच्या शेवटच्या राष्ट्राध्यक्षांनी वॉर्सात जाऊन राष्ट्राध्यक्षपदाची जुनी राजचिन्हं पोलंडचे नवे राष्ट्राध्यक्ष लेक वालेसा यांच्या हाती दिली. कातिनची कबुली मॉस्कोने त्याच वर्षी एप्रिलमध्ये दिली होती.